पुढचा सूर्योदय, सोळा जानेवारी

उत्स्योकीत, टेनो नदीच्या काठी,
पिएराच्या घरातला दिवा
डिसेंबरात रोज दहा वाजून दहा मिनिटांनी
उजाडायचा.
आधी तांबूस, राखेखालच्या निखाऱ्याएवढा,
मग सायीसारखा, मग पांढरा.
अडीचला पुन्हा उतरू लागायचा, घाई न करता.

मी इथली वायरमन.
आले होते हीटर बघायला, नजर गेली दिव्याकडे.
इथे नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो.
कोंबडं झाका की उघडं ठेवा, उजाडत नाही.
दुपारी आभाळ तेवढं निळं पडतं, मुका मार लागल्यासारखं,
आणि दिवेलागण म्हणाल तर ती एकावन्न दिवस चालते.
मग हा दिवा कुणाचा सूर्य पाहून उठतो?

फोनमध्ये शोधलं. सापडलं.
दिवे लेकीने बसवले, मारेतने, सप्टेंबरात येऊन.
जोडणी पुरी केली ती परत गेल्यावर,
कोक्कोलाला, साडेआठशे किलोमीटर खाली,
स्वतःच्या ओट्याशी उभी राहून.
फोनने विचारलं असणार, घर कुठे?
तिने बोट ठेवलं असणार, इथे.

दोन मिनिटांचं काम. अक्षांश बदलले, रेखांश बदलले.
सूर्योदयापुढे दोन आडव्या रेघा आल्या,
सूर्यास्तापुढेही दोन,
आणि खाली बारीक अक्षरांत:
पुढचा सूर्योदय, सोळा जानेवारी.
आता बरोबर आहे, म्हटलं मी.
पिएरा लाकडं रचत होता. काही बोलला नाही.

चौथ्या दिवशी त्याचा फोन.
"तू दुरुस्त केलंस, तेव्हापासून बिघडलंय."

गेले. उणे एकतीस.
घरात चुलीचा उजेड होता,
कुत्र्याच्या डोळ्यांत तो दोनदा दिसत होता.
मी समजावू लागले, ध्रुव, कललेली पृथ्वी वगैरे.
त्याने कॉफी ओतली.
"पंच्याहत्तर हिवाळे काढलेत मी या काठावर.
सूर्य येत नाही, हे तू मला सांगणार?
समोर नॉर्वे. नदी ओलांडली की घड्याळ तासभर मागे.
घड्याळाचं मी कधी मनावर घेतलंच नाही."
मग कपात बघत,
"दिवा तांबडा व्हायचा
तेव्हा तिच्याकडे फटफटत असतं.
पोरं शाळेत पोचलेली. ती कुंडीला पाणी घालते.
अडीचला इथे अंधारायचं, की समजायचं,
आता तिने पडदा ओढला.
सारखा फोन करत नाही मी. कामात असते ती.
नुसतं ठाऊक असायचं."

म्हणजे चूक त्याला माहीत होती.
ऑक्टोबरपासून, जेव्हा ती
संध्याकाळच्या अर्ध्या तासाएवढीच होती.
त्याने ती वाढू दिली होती,
आई मेलेलं रेनडिअरचं पाडस घरात वाढू देतात तशी,
दाराबाहेर न घालवता.

मी परत कोक्कोला लिहिलं.
गल्ली विचारली, त्याने न अडखळता सांगितली,
घराच्या नंबरासकट. दुसरा मजला. खिडकी दक्षिणेला.
फोनला मजला लागत नाही.
मी तरी तो ऐकून घेतला.

पावतीवर एक रकाना असतो, बिघाडाचं कारण.
तिथे काय भरावं, म्हणून
गाडी तापेपर्यंत बसून राहिले.
खिडकीत दिवा अजून पांढरा होता.
कोक्कोलात ढग असतील, बर्फ पडत असेल,
मारेत आज कदाचित घरी नसेलही.
दिवा ते पाहत नाही.
अडीच वाजता तो उतरू लागला
आणि काचेआड एक हात
कुठलाच पडदा नसताना
पडदा ओढल्यासारखा सरकला,
की कुत्र्याला हाकलत होता, कोण जाणे.

लिहिलं: बिघाड नाही.
जाण्यायेण्याचं पेट्रोल तेवढं लावलं.